विचारांचा इन्फिनिट लूप

'सी' शिकताना इन्फिनिट लूप सगळ्यांनाच भेटतो. बाहेर पडायची अट लिहिली नाही की प्रोग्रॅम फिरतच राहतो. प्रोसेसर राबतो, पण उत्तर काही येत नाही.

अतिविचाराचंही असंच! गेट द्यावी, एमपीएससी करावी की नोकरी बघावी, ही चर्चा मी होस्टेलवर रोज रात्री ऐकतो. प्रश्न कालचाच, माहितीही कालचीच; वाया जाते ती आजची रात्र. काळजीने डोक्यातली 'रॅम' अडून बसते, मग पुस्तक समोर असूनही पान सरकत नाही.

आता आपल्या बीड जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी बघा. लवकर पेरलं आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी. उशीर केला तर उतारा घटतो. म्हणून कृषी विभाग एक साधी अट सांगतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तेवढा झाला, वाफसा आला, की चाड्यावर मूठ! पुढचा पाऊस कसा पडेल, हे तेव्हाही ठाऊक नसतंच.

हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली हेच मांडलं: माणूस सगळे पर्याय तपासू शकत नाही, 'पुरेसा चांगला' पर्याय सापडला की तो शोध थांबवतो. १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा विचाराला बसण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: काय कळलं की ठरवायचं, आणि कोणत्या तारखेपर्यंत. नवीन माहिती येतेय तोवर खुशाल विचार करा. जुनीच फिरायला लागली, की 'ब्रेक' टाका आणि कामाला लागा!