मन खंबीर करणं शिकता येतं का?



आपल्या सातारा जिल्ह्यात एकही फौजी नाही असं गाव शोधावंच लागेल. अपशिंगे गावाच्या नावाला तर लोक 'मिलिटरी' हा शब्द जोडूनच बोलतात. अशा घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खंबीर राहा." रजा संपवून निघालेल्या मुलाला वडील हेच सांगतात. मागे राहिलेल्या सुनेला सासूबाईही हेच सांगतात. पण खंबीर राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मग आपण त्याचा अर्थ 'रडायचं नाही, बोलायचं नाही' असाच धरून चालतो.

अमेरिकेच्या लष्कराने हे 'काय करायचं' शिकवायचा मोठा प्रयत्न केला. आज त्याची माहिती घेऊ या. त्यात आपल्या उपयोगाचं काय आहे आणि कुठे सावध राहायचं, तेही बघू.

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत तेच ते सैनिक पुन्हा पुन्हा पाठवले जात होते. परतलेल्या अनेकांची झोप उडाली होती, संसारात भांडणं वाढली होती, लष्करातल्या आत्महत्याही वाढत होत्या. तोपर्यंतची रीत अशी, की माणूस कोलमडला की त्याला डॉक्टरकडे न्यायचं. लष्कराने विचार केला, की बंदूक चालवायला आधी शिकवतो, तसं मन सांभाळायलाही आधीच का शिकवू नये? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांचे सहकारी अशी कौशल्यं शाळकरी मुलांना शिकवत होते. त्यांच्या मदतीने २००९ साली हा कार्यक्रम सुरू झाला.

त्याची पहिली प्रमुख एक स्त्री होती, ऱ्होंडा कॉर्नम. त्या लष्करात डॉक्टर. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, दोन्ही हात मोडले, सोबतचे पाच जण गेले आणि त्या इराकी सैन्याच्या कैदेत सापडल्या. आठवड्याभराने सुटल्या आणि पुढे ब्रिगेडियर जनरल झाल्या.

हे प्रशिक्षण चालायचं कसं? प्रत्येक सैनिकाने दरवर्षी कॉम्प्युटरवर १०५ प्रश्नांची उत्तरं द्यायची. प्रश्न चार बाबींचे : भावना, कुटुंब, माणसांशी नाती आणि जगण्याचा अर्थ किंवा श्रद्धा. कुणाला किती गुण पडले ते फक्त त्याचं त्याला दिसायचं, साहेबाला नाही. हे महत्त्वाचं, नाहीतर खरं कोण लिहिणार? मग जी बाजू कच्ची, तिचे धडे ऑनलाइन घ्यायचे. त्याशिवाय हवालदाराच्या दर्जाच्या लोकांना दहा दिवसांचं प्रशिक्षण देऊन आपापल्या तुकडीत शिकवायला पाठवायचे. सैनिकांच्या बायका-नवऱ्यांसाठीही प्रश्नावली तयार केली होती.

यातली तीन कौशल्यं सांगते. त्यांना कॉम्प्युटर लागत नाही.

पहिलं, घटना आणि विचार वेगळे करायचे. समजा, सीमेवरून दोन दिवस फोन आला नाही. ही झाली घटना. "काहीतरी झालंच असणार," हा आपला विचार. छातीत धडधड, मुलांवर ओरडणं, जेवण न जाणं, हा त्याचा परिणाम. आपल्याला वाटतं, फोन न आल्यामुळे धडधड झाली. मधे विचार आहे हे लक्षातच येत नाही. घटना आपल्या हातात नसते, विचार तपासणं मात्र जमतं. मागच्या वेळी फोन आला नव्हता तेव्हा काय निघालं होतं? रेंज नव्हती, की ड्युटी बदलली होती?

दुसरं, तीन शक्यता मांडायच्या. मनाला सवय असते वाईटात वाईट शक्यतेकडे धावायची. ती दाबू नका. आधी तीच बोलून टाका. मग चांगल्यात चांगली कोणती ते सांगा. तिसऱ्यांदा विचारा, बहुतेक करून काय असेल? आणि त्या तिसऱ्या उत्तराप्रमाणे पुढचं काम ठरवा. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघायची, मग त्याच्या युनिटमधल्या मित्राच्या घरी विचारायचं, असं.

तिसरं कौशल्य ऐकून तुम्ही हसाल, पण ते फार कामाचं आहे. चांगल्या बातमीला उत्तर कसं द्यायचं? नवरा फोनवर म्हणतो, "अगं, मी नायक झालो." आणि आपण म्हणतो, "बरं झालं. सिलेंडर संपलाय, पैसे टाका." किंवा, "म्हणजे आता रजा आणखी कमी मिळणार का?" दोन्ही प्रश्न खरेच आहेत, पण ते पाच मिनिटांनी विचारता येतात. आधी विचारा, "कधी कळलं? सगळे काय म्हणाले? तुम्हाला कसं वाटलं?" अडचणीत साथ देणं आपल्याला येतं. आनंदात दिलेली साथही नातं घट्ट करते, आणि घट्ट नातं वाईट दिवसांत उपयोगी पडतं.

आता सावधगिरीचं बोलू. २०१४ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने लष्करातल्या अशा कार्यक्रमांची छाननी केली. यातल्या बऱ्याच कार्यक्रमांमुळे मनाचे आजार टळतात याला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे ही कौशल्यं रोजच्या ताणात आधार देतात, पण ती औषध नव्हेत. कॉम्प्युटरवरचा धडा रजेची जागा घेऊ शकत नाही, झोपेची नाही आणि डॉक्टरचीही नाही.

दुसरा धोका आपल्याला चांगला ओळखीचा आहे. शिकवून झालं की दोष त्या माणसावरच येतो. "एवढं शिकवलं, तरी खचलास?" आपल्या बायकांना हे निराळ्या शब्दांत ऐकावं लागतं. "बाकीच्या राहतातच ना एकट्या!" मैत्रिणींनो, खंबीर असणं म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. मदत मागता येणं हासुद्धा खंबीरपणाच आहे.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. घरी आलेला जवान महिनाभरानंतरही रात्री दचकून उठतोय, त्याच त्या आठवणींनी घेरला जातोय, माणसांत येत नाही, दारू वाढली आहे, तर उपचार हवेत. आणि कुणीही "जगण्यात अर्थ नाही" म्हणालं, तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या. हे घरच्या बाईलाही तितकंच लागू आहे.

मदत आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी या सेवेचा खास कक्ष आपल्या पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. हा नंबर मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा. ज्यांना जमत नाही त्यांना करून द्या.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं राखून ठेवा. एकीने आपली काळजी सांगायची, बाकीच्यांनी तिला तीन शक्यता मांडायला मदत करायची. सल्ले द्यायचे नाहीत, "तू उगाच घाबरतेस" म्हणायचं नाही. कर्जाचा हिशोब आपण एकत्र मांडायला शिकलो, तसंच हेही जमेल. सुरुवात करायची ती ज्या घरातला माणूस आज लांब आहे, त्या मैत्रिणीपासून.