अँटिबायोटिक हरलं तर? बेडकाच्या कातडीतलं औषध आणि एआयची शोधमोहीम

सर्दी झाली की मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणायची, दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या ड्रॉवरमध्ये. तुमच्याही घरी असंच चालतं का? सर्दी बहुतेक वेळा व्हायरसमुळे होते आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही. उलट, औषधातून वाचलेले चिवट बॅक्टेरिया वाढत जातात. अशा औषधाला न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख लोकांचा थेट बळी गेला.

बेडकाने दिलेला क्लू

अमेरिकेतले संशोधक मायकेल झॅस्लॉफ आफ्रिकन बेडकांवर प्रयोगासाठी ऑपरेशन करायचे. टाके घातले की बेडूक परत गढूळ पाण्याच्या टाकीत. तरी जखम चिघळायची नाही! कारण सापडलं कातडीत: एक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९८७ मध्ये त्यांनी ते जगासमोर आणलं. नाव ठेवलं मॅगेनिन, हिब्रूतल्या 'ढाल' या शब्दावरून. अशी पेप्टाइड्स आपल्या त्वचेतही असतात.

हे काम कसं करतं?

बरीच अँटिबायोटिक्स बॅक्टेरियाच्या एखाद्याच भागावर नेम धरतात. बॅक्टेरियाने तो भाग बदलला की औषध फेल. पेप्टाइडवर मात्र पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि बॅक्टेरियाच्या आवरणावर निगेटिव्ह. त्यामुळे ते जाऊन चिकटतं आणि आवरणच फाडतं. आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळपास न्यूट्रल असल्यामुळे त्या बऱ्याच अंशी वाचतात. अख्खं आवरण बदलणं बॅक्टेरियाला अवघड जातं. पण अशक्य नाही: कोलिस्टिन हे औषधही पेप्टाइडच आहे आणि त्याला दाद न देणारे बॅक्टेरिया सापडलेत.

एआय कुठे आलं?

२०२४ मध्ये संशोधकांनी माती, समुद्र, माणूस आणि प्राणी यांच्यातल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए डेटा मशीन लर्निंगने चाळला. ८ लाख ६३ हजारांहून जास्त संभाव्य पेप्टाइड्स मिळाली. त्यातली १०० लॅबमध्ये बनवून तपासली, तर ७९ चाललीसुद्धा.

मग मेडिकलमध्ये का मिळत नाही?

गोळी करून गिळलं तर पोटातले एन्झाइम्स ते पचवून टाकतात. डोस वाढवला तर आपल्या पेशींनाही इजा होऊ शकते. मॅगेनिनवरून बनवलेल्या पेक्सिगानान मलमाला १९९९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही, कारण ते आधीच्या औषधांपेक्षा सरस ठरलं नव्हतं.

म्हणजे नवीन ढाल तयार व्हायला वेळ आहे. तोवर जुनी सांभाळा: पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका.