विश्लेषण : हॉटेलचे बिलिंग सॉफ्टवेअर बदलताना जुना डेटा का सांभाळावा?

रविवारी सकाळी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर किंवा टिळक रस्त्यावर नाश्त्याला गेले, की रांग ठरलेलीच. ऑर्डर दिली की आत केओटी छापली जाते आणि गल्ल्यावर बिल तयार होते. हे सारे सांभाळणारा संगणक मात्र अनेकदा जुनाच असतो. तो बदलताना चूक झाली, तर केवळ एक सकाळ नव्हे, काही वर्षांचा हिशेब अडचणीत येतो.

अपग्रेड का करावे लागते?

मायक्रोसॉफ्टने ‘एसक्यूएल सर्व्हर २०१४’ या डेटाबेसचा नियमित सपोर्ट ९ जुलै २०२४ रोजी, तर ‘विंडोज १०’चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळत नाहीत. शिवाय २०१४च्या मोफत ‘एक्स्प्रेस’ आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली, की नवी बिले साठवणे अडते.

धोका नेमका कुठे?

सॉफ्टवेअर म्हणजे गल्ल्यावर दिसणारी स्क्रीन. डेटाबेस म्हणजे तिच्यामागची वही. सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येते, वही पुन्हा मिळत नाही. जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या एसक्यूएल सर्व्हरवर उघडता येतो. नव्याचा जुन्यावर उघडत नाही. म्हणजे हा रस्ता एकेरी आहे. माघारी यायचे, तर अपग्रेडच्या आधी घेतलेला बॅकअप हाच आधार.

जीएसटीचा काय संबंध?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा साध्या हॉटेलांना १२ आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो बहुतांश हॉटेलांसाठी ५ टक्के झाला. त्यामुळे जुन्या बिलावर त्या दिवशीचाच दर राहिला पाहिजे. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपणे कायद्याने बंधनकारक आहे. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात तो दोनदा येता कामा नये. नव्या सॉफ्टवेअरने पुन्हा १ पासून मोजायला सुरुवात केली, तर नेमके तेच होते. त्यासाठी नव्या बिलांना वेगळे आद्याक्षर द्यावे.

कोणती काळजी घ्यावी?

• काम शनिवारी रात्री नको. आठवड्याच्या मधल्या दिवशी, त्या दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर करावे.

• बॅकअप केवळ घेऊ नये, तर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे.

• मागील महिन्याची विक्री, कर, शेवटचा बिल क्रमांक आणि उधारी दोन्हीकडे ताडून पाहावी.

• मराठी नावे तपासावीत. डेटाबेसमध्ये युनिकोडची सोय नसेल, तर ‘मिसळ’च्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

• स्वयंपाकघरातील प्रिंटरवर केओटी छापून पाहावी आणि हाताने लिहायचे बिलबुक गल्ल्यात ठेवावे.

जुना संगणक लगेच भंगारात का देऊ नये?

एखादे जुने बिल तपासणीसाठी मागितले जाते, तेव्हा ते वाचता आले पाहिजे. सर्व वर्षांची बिले नव्या संगणकावर उघडतात याची खात्री होईपर्यंत जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, पण चालू स्थितीत ठेवणेच शहाणपणाचे.