किल्ला दहा मिनिटांचा, गल्ली चार तासांची

धुळ्याहून जळगावकडे निघालेली गाडी पस्तीसेक किलोमीटरवर पारोळ्याला पोचते. गाडीत कुणी हौशी असेल तर ‘झाशीच्या राणीचा किल्ला’ पाहायला ती गावात वळते. खंदक, बुरूज, तटाची पडझड, एका अंगाला तलाव, दोन-चार फोटो आणि पुन्हा महामार्ग. दहा मिनिटे, फार तर पंधरा. तेवढ्यात पारोळ्याच्या पदरात पाण्याच्या एका बाटलीचे पैसे पडतात. ती बाटली रिकामी होऊन खंदकात गेली, तर तीही पारोळ्याच्याच वाट्याला.

किल्ल्यावर पाट्या लावा, दिवे लावा, म्हणजे पर्यटन वाढेल, असे अधूनमधून बोलले जाते. डागडुजी हवीच, पण दिवे लावल्याने दहा मिनिटांची वीस मिनिटे होतील, इतकेच. माणूस जेवायला, बसायला, बोलायला थांबला तर गावात पैसा उतरतो, आणि त्याला थांबवण्याची ताकद तटबंदीत नाही, तिच्याभोवतीच्या गल्ल्यांत आहे.

याला इतिहासाचाही आधार आहे. जुन्या खानदेश गॅझेटियरप्रमाणे पारोळा हे पन्नासेक घरांचे खेडे होते. जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी त्याची तटबंद पेठ केली आणि १७२७ मध्ये हा भुईकोट बांधला. लांबी सुमारे ५२५ फूट, रुंदी ४३५, भोवती खंदक आणि दारापुढे उचलता येणारा पूल. डोंगर नाही, खिंड नाही. सपाट मैदानावर बसवलेल्या बाजाराला राखण म्हणून हा कोट. कापूस, धान्य, गुरे आणि लुगडी हा इथला व्यापार. झाशीचे नेवाळकर मूळचे लांज्याजवळच्या कोट गावचे, आणि त्यांची एक शाखा पारोळ्याची. किल्ल्याला राणीचे नाव लागते ते या सासरच्या नात्याने. १८२१ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यावरच्या हल्ल्याच्या कटानंतर इंग्रजांनी गाव जहागीरदारांकडून काढून घेतले आणि सत्तावनच्या उठावानंतर, १८५९ मध्ये, किल्ला मोडून टाकला. कोट मोडला, पेठ मात्र राहिली. राखणदार पाहून माघारी फिरायचे आणि त्याने जे राखले त्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही, असा आपला सध्याचा पर्यटनाचा शिरस्ता आहे.

गल्ली दाखवता येते का? अहमदाबादने दाखवली. तिथल्या महापालिकेने १९९७ च्या नोव्हेंबरात सकाळची पायी फेरी सुरू केली: काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, जुन्या पोळांमधून. पोळ म्हणजे एका दाराआडची दाट वस्ती. त्यात लाकडी कोरीव घरे, चौकातले चबुतरे, दारात दात घासणारी माणसे. फेरी सकाळी लवकर निघते, कारण गल्ली तेव्हाच खरी असते. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, अहमदाबाद युनेस्कोच्या यादीतले भारतातले पहिले जागतिक वारसा शहर झाले. एका फेरीने हे घडले असे नाही, पण आपली पोळ पाहण्यासारखी आहे, हे पोळवाल्यांना तिने उमगवले.

दुसरे उदाहरण अवघड आहे. धारावीत २००६ पासून ‘रिअॅलिटी टूर्स’ पाहुण्यांना कुंभारवाडा, प्लास्टिकचे पुनर्वापर कारखाने वगैरे दाखवते. गरिबी दाखवून पैसे मिळवणे हे बरोबर का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता. त्यांनी केलेल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात: वस्तीत फोटो काढायला बंदी, आणि नफ्यातला ८० टक्के वाटा सामाजिक कामाला. पाहुण्याच्या डोळ्यांना मोकळीक, कॅमेऱ्याला नाही. पारोळ्याने काही उसने घ्यायचे असेल तर हा नियम आधी घ्यावा.

कारण इथे दाखवण्याजोगे पुष्कळ आहे. खापरावरचे मांडेच घ्या. भिजवलेली कणीक तार येईपर्यंत मळायची, पुरण भरायचे, मग ती पोळी लाटण्यावर न जाता दोन्ही हातांवर झुलत मोठी होत जाते. पार कोपरापर्यंत पसरली की उपड्या खापरावर अलगद सोडायची. क्षणभर हात चुकला तर मांडा फाटतो. हे करणारी बाई स्वतःला कारागीर म्हणवत नाही, ‘आमच्याकडे असंच करतात’ म्हणते. पाहुणा चुलीसमोर अर्धा तास बसतो, दुधाबरोबर तो मांडा खातो आणि निघताना पैसे त्या बाईच्या हातात देतो. शेवभाजी, कळण्याची भाकरी, हिवाळ्यातले भरीत ही तर पुढची यादी. तालुक्यातल्याच बहादरपूरला नीलिमा मिश्रा यांच्या भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतनाने बायकांच्या बचत गटांतून गोधड्या शिवून बाहेरच्या बाजारात नेल्या. मिश्रा यांना २०११ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे बायकांनी एकत्र येऊन हिशेब ठेवणे या तालुक्याला नवे नाही. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावाही आहे.

आता जे दाखवू नये त्याविषयी. बालाजीचा रथ ओढला जातो, तेव्हा गाव मुळातच माणसांनी फुलते. त्या दिवशी आणखी पाहुणे बोलावणे म्हणजे चेंगराचेंगरीला आवतण. श्रावणात घरोघर कानबाई बसते. ती घरची देवी आहे, तिच्या रोटाचेही सोवळे-नियम आहेत. कुणाच्या देव्हाऱ्यापुढे तिकीट लावून रांग उभी करायची नाही, हे फेरी सुरू होण्यापूर्वी ठरायला हवे. ते गल्लीतल्या माणसांनीच ठरवावे, नगरपालिकेने किंवा पुण्या-मुंबईच्या सहल कंपनीने नव्हे. आणि सर्वांत आधी, बायकांना जाता येईल असे एक स्वच्छ स्वच्छतागृह हवे. खानदेशातल्या पर्यटनाची निम्मी अडचण तिथेच आहे. तिच्यावर परिसंवाद मात्र होत नाहीत.

पाहुणे कोण? अजिंठ्याला निघालेले परदेशी प्रवासी जळगावात उतरून तिकडेच जातात. त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. पहिला पाहुणा सुरतेचा खानदेशी माणूस. उधना, लिंबायतमध्ये दोन पिढ्या गेलेली आपली माणसे आहेत, आणि त्यांची मुले आजीची अहिराणी समजतात पण बोलत नाहीत. ओट्यावरून कुणी ‘कथा चालना भो?’ (कुठे चाललास, भाऊ?) विचारले तर ती पोरे हसतील, थांबतील.

त्यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीत रविवारी सकाळी आठला एक फेरी, एका वेळी बारा माणसे. समजा, माणशी ४०० रुपये: त्यातले १०० वाट दाखवणाऱ्या पोराला, २०० चुलीवरच्या बाईला, ५० गोधडी किंवा मातकाम दाखवणाऱ्याला, ५० गल्लीच्या सफाईच्या पेटीत. पेटीचा हिशेब महिन्याच्या शेवटी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा. पहिल्या वर्षी त्यावरून वाद होणारच: अमक्याच्याच घरी पाहुणे का, तमकीच्या चुलीला किती वेळा पाळी. पाळीची चिठ्ठी टाकावी आणि ज्याला नको असेल त्याच्या दारावरून फेरी न थांबता पुढे जावी.