खडकांच्या पोटात (भाग ७) : कोळशातली न दिसणारी छिद्रं

मागच्या भागात सेमाडोहच्या काळ्या पाषाणाचा विषय झाला. लाव्हा थंड होताना वायू निसटला, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं भरली. ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोंडवानाचे कोळसा देणारे थर त्याहून कितीतरी जुने. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला गोंडवाना खडक उघडे पडले आहेत. या थरांतला कोळसा मात्र सातपुड्यापलीकडे बैतूल जिल्ह्यात पाथाखेड्याला आणि इकडे वर्धा खोऱ्यात वणी, घुग्घुस, बल्लारपूरला निघतो. छिद्रं त्या कोळशातही आहेत, पण साध्या सूक्ष्मदर्शकालाही ती सापडत नाहीत.

त्यांतली असंख्य छिद्रं ५० नॅनोमीटरहून लहान, कित्येक तर २ नॅनोमीटरच्याही आतली. एक ग्रॅम कोळशातल्या या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर गुंठाभर जागा भरू शकेल! मिथेन याच भिंतींना धरून राहतो आणि खाणीत सुटला की स्फोटाची भीती. हवेतला ऑक्सिजनही याच वाटांनी आत शिरतो, कोळसा आपोआप तापतो, पेट घेतो. वणी-चंद्रपूर पट्ट्यात धुमसणारे ढीग कुणाला नवे नाहीत.

मग ही छिद्रं मोजायची कशी? पातळ ढगाआडच्या चंद्राभोवती कधी रंगीत वलय पडतं. ढगातले थेंब जितके बारीक, तितकं ते मोठं. क्ष-किरणांचंही तसंच. मिलिमीटरभर जाडीची कोळशाची चकती घ्यायची आणि तिच्यातून ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा बारीक झोत सोडायचा. बहुतेक किरण सरळ जातात किंवा शोषले जातात. थोडे छिद्रांमुळे किंचित वळतात. १० नॅनोमीटरच्या छिद्राची खूण साधारण एका अंशाच्या आत उमटते, म्हणजे दोन मीटरवरच्या पडद्यावर मध्यापासून जेमतेम तीन सेंटीमीटरवर. ५० नॅनोमीटरचं छिद्र असेल तर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. म्हणूनच मधला झोत अडवून धरावा लागतो, नाहीतर त्याच्या प्रखरतेत सगळं बुडून जाईल.

या शास्त्राच्या आरंभी एक भारतीय नाव आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकांत यायला हवं. कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांच्यासोबत काम करणारे पी. कृष्णमूर्ती. कार्बनच्या भुकटीमुळे होणारं हे लहान कोनांतलं विकिरण त्यांनी १९३० च्या सुमारास नोंदवलं. त्याला सिद्धान्ताचं बळ दिलं ते फ्रान्सच्या आंद्रे गिनिए यांनी. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत बेल आणि श्मिट यांनी लिग्नाइट तपासला. छिद्रांच्या भिंती गुळगुळीत नसून फ्रॅक्टल आहेत, बरंच जवळून पाहिलं तरी खडबडीतच, असं त्यांना आढळलं.

या पद्धतीचं खरं मोल बंद छिद्रांत आहे. नायट्रोजन भरून मोजलं, तर वायू पोहोचेल तेवढीच छिद्रं हिशेबात येतात. क्ष-किरणांना दार लागत नाही, उघडी-बंद सगळी त्यांना कळतात. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे बंद छिद्रं. मुंबई आयआयटीचे विक्रम विशाल आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले देबाशिष सेन, जितेंद्र बहादूर प्रभृतींनी शेल खडकावर हीच जोडपद्धत, न्यूट्रॉनची भर घालून, वापरली आहे. आपल्याकडच्या कोळशात राख फार. तिच्यातली खनिजंही किरण वळवतात, त्यामुळे एकट्या क्ष-किरणांवर विसंबून चालत नाही. सेमाडोहवरून धारणीमार्गे मध्य प्रदेशात उतरणाऱ्या वाटेने इंदूर गाठलं, की राजा रामण्णा केंद्रातला इंडस-२ हा प्रखर क्ष-किरणांचा स्रोत लागतो. तिथेही अशा मोजमापांची सोय आहे.

कार्बन डायऑक्साइड खोल कोळशात कोंडण्याची चर्चा आता देशात सुरू आहे. मिथेनपेक्षा तो कोळशाला जास्त घट्ट धरतो, पण त्याने कोळसा फुगतो आणि वाटा अरुंद होतात. एका थराचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. वर्धा खोऱ्यात असं काही करायचं ठरलंच, तर आधी प्रत्येक थराची छिद्रं मोजावीत आणि ते आकडे लोकांपुढे ठेवावेत.

(पुढील भागात : न्यूट्रॉनची नजर)