गुलाबी डोक्याच्या बदकाच्या दर्शनाचे दावे

गुलाबी डोक्याचे बदक (शास्त्रीय नाव: ऱ्होडोनेसा कॅरिओफायलेसिया) हा बिहार, बंगाल, आसाम आणि उत्तर म्यानमार येथील दलदली प्रदेशांत एकेकाळी आढळणारा, बहुधा नामशेष झालेला पक्षी आहे. १९३५ साली चार्ल्स इंग्लिस यांनी बिहारमधील दरभंगा परिसरात केलेली नोंद ही त्याची अखेरची सर्वमान्य नोंद समजली जाते. त्यानंतर हा पक्षी पाहिल्याचे दावे अनेकदा झाले. परंतु त्यांपैकी एकही निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही.

वर्णन व अधिवास

नराचे डोके व मान गडद गुलाबी, तर शरीर काळपट तपकिरी असे. मादीचा रंग त्या मानाने फिका होता. पंखांची खालची बाजू फिकट गुलाबी दिसे. अंडी जवळजवळ गोल असत. बदकांमध्ये हे वैशिष्ट्य दुर्मीळ आहे. उंच गवताने वेढलेली एकांतातील डबकी व दलदली हे त्याचे वसतिस्थान. तो पूर्वीही विरळच होता. शिकार आणि शेतीसाठी झालेली दलदलींची निचरा-कामे ही त्याच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे मानली जातात.

प्रमुख दावे

१९८८ साली अमेरिकन प्रवासी रोरी न्यूजंट यांनी ब्रह्मपुत्रेच्या काठी हे बदक दिसल्याचे सांगितले. तथापि पक्षितज्ज्ञांनी तो दावा ग्राह्य धरला नाही. २००४ मध्ये म्यानमारच्या काचिन राज्यातील पाणथळ भागात सर्वेक्षकांना एक संशयास्पद पक्षी दिसला. त्याच भागात हळदी-कुंकू बदकेही असल्याने त्या दर्शनाला निश्चित नोंदीचा दर्जा मिळाला नाही. २०१७ मध्ये काचिनमधीलच इंदॉजी सरोवराच्या परिसरात शोधमोहीम काढण्यात आली, पण पक्षी सापडला नाही.

संशयाची कारणे

संशय घेणारे अभ्यासक दावेदारांवर खोटेपणाचा आरोप करीत नाहीत. प्रामाणिक निरीक्षकाचीही गफलत होऊ शकते, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. मोठी लालसरी या बदकाच्या नराचे डोके नारिंगी-तांबडे असते आणि दुरून ते गुलाबी भासू शकते. मात्र त्याची चोच लाल, छाती काळी आणि कुशी पांढरी असते. गुलाबी डोक्याच्या बदकाचे शरीर सर्वत्र गडद होते. शिवाय मोठी लालसरी हिवाळी पाहुणी आहे. त्यामुळे हिवाळ्यात मोकळ्या जलाशयावर झालेल्या दर्शनाविषयी अधिक शंका घेतली जाते. हळदी-कुंकू बदकाची फिकी मान व पंखांखालचा पांढरा भाग सांजवेळच्या तांबूस प्रकाशात असाच भ्रम निर्माण करतो.

दुसरा मुद्दा संभाव्यतेचा आहे. या पक्ष्याच्या मूळ प्रदेशातील लोकवस्ती दाट आहे, आणि दुर्बीण व कॅमेरा बाळगणाऱ्या निरीक्षकांची संख्या पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे. तरीही एकही स्पष्ट छायाचित्र मिळालेले नाही. जे पाहण्याची मनात तीव्र इच्छा असते तेच डोळ्यांना दिसू लागते, हीही एक अडचण आहे. म्हणून स्पष्ट छायाचित्र किंवा जनुकीय तपासणी करता येईल असे पीस यांसारखा, इतरांना पडताळता येणारा पुरावा मागितला जातो.

रानपिंगळ्याचे उदाहरण

असा संशय शोधाला मारक ठरतो, असा आक्षेप घेतला जातो. महाराष्ट्रातील रानपिंगळ्याचा इतिहास याच्या उलट आहे. या घुबडाचे एकोणिसाव्या शतकातील मोजकेच नमुने उपलब्ध होते व त्यांतील शेवटचा १८८४ चा होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आणखी एक नमुना मिळवल्याचा दावा केला होता. पॅमेला रासमुसेन यांच्या तपासणीत तो जुनाच नमुना असून संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावल्याचे उघड झाले. बनावट नोंद वगळून अस्सल नमुन्यांच्या स्थळांवर भर दिल्यानंतर, नोव्हेंबर १९९७ मध्ये शहादा (आता नंदुरबार जिल्हा) जवळ रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी झालेल्या या दर्शनाचे चित्रीकरणही करण्यात आले. चुकीची नोंद दूर सारल्यामुळे शोधाची दिशाच सुधारली.

संवर्धनातील महत्त्व

दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत मोठी आहे. कच्चा दावा स्वीकारल्यास संवर्धनाचा तुटपुंजा निधी व मनुष्यबळ चुकीच्या ठिकाणी खर्च होते. उलट, जाती घाईने नामशेष ठरवल्यास तिचे व तिच्या अधिवासाचे संरक्षण सैल पडून उरलेसुरले पक्षीही नष्ट होऊ शकतात. ज्युलिएट मृत झाली असे समजून प्राण देणाऱ्या शेक्सपिअरच्या नायकावरून, पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी १९९८ मध्ये या दुसऱ्या प्रकाराला ‘रोमियोची चूक’ असे नाव दिले. याच सावधगिरीमुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने गुलाबी डोक्याच्या बदकाला ‘नामशेष’ न ठरवता अतिसंकटग्रस्त वर्गात ठेवले आहे. उत्तर म्यानमारमधील दुर्गम दलदलींचा पुरेसा शोध झालेला नाही, हे त्यामागील एक कारण आहे.