गोलच्या आधीचा माणूस

रिअल माद्रिदकडून 597 सामने आणि 43 गोल. एखाद्या आघाडीच्या खेळाडूपुढे तेरा हंगामांचा हा हिशेब ठेवला तर तो हसेल. ख्रिस्तियानो रोनाल्डोने त्याच क्लबकडून नऊ हंगामांत 450 गोल ठोकले होते. तरीही 2025 च्या उन्हाळ्यात क्रोएशियाचा लुका मॉड्रिच माद्रिद सोडून निघाला, तेव्हा 1902 साली स्थापन झालेल्या या क्लबच्या इतिहासात सर्वांत जास्त, म्हणजे 28 करंडक जिंकलेला खेळाडू तोच होता. हा मेळ कसा लागतो, हे कळलं की मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम कळलं.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. धावा आणि बळी यांच्या रकान्यात जे बसत नाही ते मोजायची आपल्याला सवय नाही. मॉड्रिचचा सामना बघताना मात्र चेंडू सोडून त्याच्याकडे बघत राहावं. चेंडू अजून दुसऱ्याच्या पायात असतो आणि हा मान डावीकडे वळवतो, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मागून कोण धावून येतंय, कुठे चार पावलं जागा मोकळी आहे, सगळं त्याने आधीच पाहून ठेवलेलं असतं. त्यामुळे चेंडू आल्यावर तो थांबवून विचार करायची वेळच येत नाही. पहिल्या स्पर्शातच तो अंग वळवतो आणि अंगावर आलेला प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीमागे राहतो. एवढ्याने समोरच्या संघाचा एक माणूस खेळातून वजा होतो. गोल मग पुढे कोणीतरी करतं.

उंची 5 फूट 8 इंच, अंगाने काटकुळा. हायदुक स्प्लिट या मोठ्या क्लबने लहानपणी त्याला अंगात ताकद नाही म्हणून परत पाठवलं होतं. जन्म 9 सप्टेंबर 1985 चा, एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झादरमधला. पण पहिली वर्षं गेली वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी, आजोबांच्या घरी. पाच वर्षांचा लुका काठी घेऊन शेळ्या हाकतोय, असं जुनं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. त्या आजोबांचं नावही लुकाच. डिसेंबर 1991 मध्ये, युगोस्लाव्हिया फुटून युद्ध पेटलेलं असताना, सर्ब बंडखोरांनी त्यांना घराजवळच गोळ्या घातल्या. घर जाळलं गेलं. वडील क्रोएशियाच्या सैन्यात मेकॅनिक म्हणून दाखल झाले आणि कुटुंब निर्वासित होऊन झादरच्या हॉटेलांत आलं. तिथल्या पार्किंगच्या जागेत हा मुलगा दिवसभर चेंडू मारत असे. भोंगा वाजला की तळघरात जायचं, थांबला की पुन्हा खेळायला बाहेर.

झादर क्लबच्या मुलांचे प्रशिक्षक तोमिस्लाव्ह बाशिच यांनी या बारक्या पोरावर भरवसा ठेवला. पैशांची ओढाताण होती, तर त्यांनी त्याला लाकडाचे नडगीरक्षक करून दिले, असं सांगतात. निर्वासित मुलाचा जगज्जेता वगैरे झाला, ही गोष्ट आता इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला चित्रपटाचा वास येतो. मला त्यात बाशिच महत्त्वाचे वाटतात. क्रोएशियाची लोकसंख्या जेमतेम 39 लाख, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढीच. फुटबॉलचं वेड म्हणाल तर कोल्हापूरही कमी नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पेठांमध्ये दुसरा विषय नसतो, आणि अनिकेत जाधवसारखा मुलगा तिथून 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. वेड दोन्हीकडे आहे. दहा वर्षांच्या मुलाला रोज बघणारा, त्याच्या बारक्या अंगापलीकडे त्याची नजर ओळखणारा पगारी प्रशिक्षक मात्र झादरसारख्या छोट्या शहरातही होता.

2002 मध्ये तो दिनामो झाग्रेबमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी क्लबने त्याला बॉस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारकडे हंगामापुरतं खेळायला धाडलं. युद्धात पडलेला मोस्तारचा जुना पूल तेव्हा पुन्हा बांधला जात होता. मैदानं ओबडधोबड, खेळ धसमुसळा, पायावर पाय पडणं रोजचंच. अठरा वर्षांचा मॉड्रिच त्या लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉस्नियात जो खेळू शकतो तो कुठेही खेळू शकतो, असं तो पुढे सांगत असे. 1 मार्च 2006 रोजी बाझेलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध त्याने देशाकडून पहिला सामना खेळला. क्रोएशियाने 3-2 अशी बाजी मारली आणि त्याच सामन्यात लिओनेल मेसीने अर्जेंटिनासाठी आपला पहिला गोल केला.

2008 ते 2012 ही टॉटनहॅममधली वर्षं. सुरुवातीला तिथेही ‘हा इंग्लंडमध्ये टिकायचा नाही’ अशी कुजबुज झाली, ती विरली. मग माद्रिद. पहिल्या हंगामाच्या मध्यावर ‘मार्का’ या स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. मार्च 2013 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड पुढे असताना तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि सातेक मिनिटांत लांबून मारलेला त्याचा चेंडू खांबाला लागून जाळ्यात गेला. माद्रिदने सामना जिंकला आणि त्यानंतर त्या मतदानाची आठवण फक्त गंमत म्हणून निघू लागली.

पुढच्या वर्षी लिस्बनला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती, शेजारच्याच अ‍ॅटलेटिको माद्रिदशी. अ‍ॅटलेटिको 1-0 ने पुढे, नव्वद मिनिटं उलटून गेलेली, दहावा युरोपीय करंडक निसटत चाललेला. 93 व्या मिनिटाला सर्जिओ रामोसने हेडर मारला. त्याचं छायाचित्र माद्रिदच्या प्रत्येक चाहत्याच्या भिंतीवर असेल. तो कॉर्नर घेतला होता मॉड्रिचने. जादा वेळेत माद्रिद 4-1 ने जिंकलं. मग कासेमिरो आणि टोनी क्रूस यांच्या साथीने 2016, 2017, 2018 असे सलग तीन करंडक. तिघांत कामाची वाटणी चोख होती: कासेमिरो चेंडू हिसकावणार, क्रूस तो मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचवणार आणि मॉड्रिच तो पायात घेऊन गर्दीतून बाहेर काढणार.

2018 हे त्याचं वर्ष, आणि नेमकं याच वर्षी मायदेशात त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला होता. दिनामोचा सर्वेसर्वा झ्द्राव्को मामिच याच्यावर खेळाडूंच्या विक्रीचे पैसे लाटल्याचा आरोप होता. 2017 मध्ये मामिचवरच्या खटल्यात साक्ष देताना मॉड्रिचने आपला आधीचा जबाब फिरवला आणि अनेक प्रश्नांना ‘आठवत नाही’ असं उत्तर दिलं. लोक संतापले. निर्वासित असताना तो राहिला होता त्या झादरच्या हॉटेलच्या भिंतीवर, ‘लुका, हे तुला एक दिवस आठवेल,’ अशा अर्थाचा मजकूर कोणीतरी रंगवला. मार्च 2018 मध्ये खोटी साक्ष दिल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. वर्ष संपण्यापूर्वी तो आरोप निकालात निघाला. मामिच निकालाआधीच बॉस्नियात निघून गेला आणि दोषी ठरला. मॉड्रिचवरच्या कौतुकाच्या लेखांतून हा भाग बहुधा गाळतात. पण तो गाळला तर रशियातल्या विश्वचषकाला कर्णधार म्हणून तो गेला तेव्हा देशातले निम्मे लोक त्याच्याकडे कसे बघत होते, हे समजणारच नाही.

1 जुलै 2018, निझनी नोव्हगोरोड. डेन्मार्कशी 1-1 अशी बरोबरी, जादा वेळेतली शेवटची काही मिनिटं आणि क्रोएशियाला पेनल्टी. मॉड्रिचने मारली, कॅस्पर श्मायकेलने अडवली. थोड्याच वेळात पेनल्टी शूटआउट सुरू झाला. तोच गोलकीपर, तेच ठिकाण. कर्णधार पुन्हा पुढे आला आणि या वेळी त्याने गोल केला. मग रशियाविरुद्ध पुन्हा 120 मिनिटं, इंग्लंडविरुद्ध पुन्हा 120. तीन लढतींत मिळून एक अख्खा सामना जादा खेळून हा संघ अंतिम फेरीत पोचला आणि तिथे फ्रान्सकडून 4-2 ने हरला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र मॉड्रिच ठरला आणि डिसेंबरमध्ये बॅलन डी’ओर त्याला मिळाला. 2008 पासून हा पुरस्कार मेसी आणि रोनाल्डो यांच्याच घरी जात होता. गोल न मोजता तो देण्याची बुद्धी परीक्षकांना झाली, हे मला त्या दशकातलं एक सुखद आश्चर्य वाटतं.

एका पासबद्दल मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. 12 एप्रिल 2022, माद्रिद. चॅम्पियन्स लीगमधली चेल्सीविरुद्धची पहिली लढत माद्रिदने 3-1 ने जिंकली होती. दुसऱ्या लढतीत चेल्सी 3-0 ने पुढे गेलं, म्हणजे एकूण 4-3. 80 वं मिनिट. मॉड्रिच मैदानाच्या डाव्या अंगाला, चेंडू उजव्या पायाशी. तिथून साधा मार्ग म्हणजे अंग वळवून पायाच्या आतल्या बाजूने चेंडू टोलवणं. पण अंग वळलं की बचावपटू सावध होतो. त्याने काही वळवलं नाही. उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेने चेंडूला खालून काप दिला. चेंडू चेल्सीच्या सगळ्या बचावफळीच्या डोक्यावरून गेला, हवेत उजवीकडे वळत गेला आणि पलीकडच्या खांबाकडे धावत आलेल्या रॉड्रिगोच्या पायावर पडला. रॉड्रिगोने तो तसाच जाळ्यात मारला. जादा वेळेत करीम बेंझेमाने आणखी एक गोल करून माद्रिदला तारलं. पुढे तो करंडकही माद्रिदनेच नेला. गोलफलकावर नावं आहेत रॉड्रिगोचं आणि बेंझेमाचं. तो पास देणारा माणूस तेव्हा 36 वर्षांचा होता.

भारताशी क्रोएशियाच्या या पिढीचा धागा आहे, पण फार बारीक. 2019 ते 2024 भारतीय संघाचे प्रशिक्षक असलेले इगोर श्टिमाच त्याआधी, 2012-13 मध्ये, क्रोएशियाचे प्रशिक्षक होते आणि मॉड्रिच त्यांच्या हाताखाली खेळला आहे. 2021 मध्ये आपला बचावपटू संदेश झिंगन झादरच्या दक्षिणेला असलेल्या शिबेनिकच्या क्लबमध्ये गेला, पण दुखापतीमुळे एकही सामना न खेळता परतला.

2022 च्या विश्वचषकात क्रोएशियाने ब्राझीलला घरी पाठवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा मॉड्रिच 37 वर्षांचा होता. जून 2024 मध्ये लाइपझिगला इटलीविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली आणि मिनिटभरात त्याने गोल केला. युरो स्पर्धेत गोल करणारा सर्वांत वयस्कर खेळाडू तो ठरला. इटलीने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली. नंतर पत्रकार परिषदेत एका इटालियन पत्रकाराने प्रश्न विचारण्याऐवजी, ‘तुम्ही निवृत्त होऊ नका,’ अशी विनंतीच केली.

तो झालाही नाही. माद्रिदमधून निघून जुलै 2025 मध्ये तो एसी मिलानला गेला. लहानपणी झ्वोनिमिर बोबान हा त्याचा आदर्श. बोबान मिलानचा, म्हणून मिलान आवडता क्लब. टॉटनहॅममध्ये अंगावर असलेला 14 क्रमांक त्याने पुन्हा घेतला. 14 सप्टेंबर 2025 रोजी सान सिरोवर बोलोन्याविरुद्धच्या सामन्यातला एकमेव गोल त्याचा होता, चाळिशी ओलांडून पाच दिवस झाल्यावर केलेला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचं नाव झळकलं; पास कोणी दिला होता, ते शोधावं लागतं.